बाळ फाटकाबाहेर, आई आत

माझ्या पगाराचे दोन भाग आहेत. पहिला भाग मी नोकरीवर आहे म्हणून मिळतो. दुसरा भाग, मी उपयोगाची आहे हे सिद्ध झालं तर. सिद्ध करण्याचं काम रोग्यांकडे नाही आणि माझ्याकडेही नाही, ते मोबाईलमधल्या एका ॲपकडे आहे. ॲप आमच्या उपकेंद्राला हिरवं, पिवळं किंवा लाल ठरवतं आणि त्या रंगाप्रमाणे माझे, नर्सचे आणि आशाताईंचे जादा पैसे निघतात.

मी आयुर्वेदाची पदवी घेतलेली डॉक्टर. माहेर राहुरीकडचं, ऊसवाल्या पट्ट्यातलं. नोकरी मात्र अकोले तालुक्याच्या डोंगरात, जिथं उसाचं पान दिसत नाही आणि पावसाळ्यात चार महिने कपडे वाळत नाहीत. माझं उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक बाळंतपणाचं टेबल, औषधांचं कपाट, पुढे छोटं कंपाउंड आणि लोखंडी फाटक. आसपासच्या वाड्या आमच्या हद्दीत येतात. वडिलांचा घरून फोन आला की ते विचारतात, "काय, या महिन्याची रिकव्हरी किती?" साखर कारखान्याच्या उताऱ्याचा शब्द आहे तो, एक टन उसातून साखर किती निघाली त्याचा. आधी मला राग यायचा. आता मी सरळ सांगते, "उतारा कमी पडला, आप्पा. रोगी चांगल्या प्रतीचे नव्हते."

ही पद्धत सुरू झाली तेव्हा आम्हाला नगरला प्रशिक्षणासाठी बोलावलं होतं. मोठं सभागृह, थंडगार एसी, आणि व्यासपीठावर एक तरुण सल्लागार. कोरीव दाढी, पायात मोजे न घालता बूट. सरकारनं कुठल्याशा कंपनीला हे मोजमापाचं काम दिलं होतं आणि कंपनीनं ते या मुलाला. मुलगा हुशार होता, वाईट अजिबात नव्हता. त्यानं पडद्यावर आलेख दाखवले आणि म्हणाला, "जे मोजलं गेलं नाही, ते झालंच नाही असं समजायचं." माझ्या शेजारी निवृत्तीला आलेली एक नर्स बसली होती. ती हळूच म्हणाली, "म्हणजे माझा संसार झालाच नाही म्हणायचा." पुढच्या रांगेतल्या एकीला हसू आवरेना, तेव्हा सल्लागारानं थांबून विचारलं, "काही शंका आहे का, मॅम?" शंका कुणालाच नव्हती. जेवणात श्रीखंड होतं.

त्यानंतर आम्ही मोजून काम करायला लागलो. महिन्याला अमुक इतक्या रोग्यांना मोबाईलवरून मोठ्या डॉक्टरांचा सल्ला मिळवून द्यायचा, हा एक निकष. कल्पना चांगली. अडचण एवढीच की आमच्या केंद्रात रेंज येत नाही. रेंज गावामागच्या टेकडीवर येते, तीही देवळाच्या चौथऱ्यावर उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं तर. त्यामुळे महिनाअखेरीला मी रोग्यांना घेऊन टेकडी चढायचे. एकदा एका म्हाताऱ्या बाबांना नेलं. त्यांचे गुडघे दुखत होते. अर्ध्या वाटेवर दोनदा बसले, पण मॅडमचं काम आहे म्हणून चढले. वर गेल्यावर पडद्यावर डॉक्टर आले, त्यांनी विचारलं, "कधी दुखतं बाबा?" बाबा म्हणाले, "चढताना." डॉक्टरांनी गंभीरपणे सल्ला दिला, "मग चढउतार टाळा." आणि सल्ला आमच्या खात्यावर जमा झाला.

दुसरा निकष योगाचा. आठवड्याला ठरावीक सत्रं घ्यायची आणि फोटो टाकायचे. आषाढात आवणी चालू होती. दिवसभर चिखलात वाकून भाताची रोपं लावलेल्या बायका संध्याकाळी घराकडे निघाल्या होत्या. मी त्यांना केंद्रासमोर थांबवलं आणि पुढे वाकून पायाचे अंगठे धरायला सांगितलं. त्यातली एक म्हणाली, "म्याडम, आमी वाकल्याव तुमाला काय मिळतं का?"

"मार्क मिळतात," मी म्हटलं.

"मग वाकतो की. तेवढ्यासाठी कशाला अडायचं." आणि सगळ्या वाकल्या. फोटो फार छान आला. तो तालुक्याच्या ग्रुपवर गेला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली.

इथपर्यंत हसण्यावारी नेता येत होतं. सगळ्यात कडक निकष बाळंतपणाचा होता. आमच्या हद्दीत एकही बाळंतपण घरी होता कामा नये, सगळी दवाखान्यात व्हायला हवीत. घरी एक जरी झालं तरी बाकी सगळं हिरवं असलेलं केंद्र घसरतं. मूळ हेतूबद्दल माझं काही म्हणणं नाही. घरी अडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत आणि त्या दवाखान्यात याव्यात म्हणूनच मी त्या डोंगरात राहते. पण निकषाला हेतू माहीत नसतो. त्याला फक्त दोन रकाने माहीत असतात: 'संस्थेत' आणि 'घरी'.

त्याच आवणीच्या दिवसांत ओढ्यापलीकडच्या वाडीत एक मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सासर घाटाच्या वरच्या बाजूला, शेजारच्या उपकेंद्राच्या हद्दीत. मी तिला आल्या आल्या तपासलं होतं. पोट नीट होतं, रक्त थोडं कमी होतं, बाकी काळजीचं काही नव्हतं. तिची आई मात्र गप्प बसणारी नव्हती. माझ्यासमोरच मुलीला म्हणाली, "दुखाया लागलं की लगी सांग. लाजत बसू नको."

मुलगी लाजलीच. कळा आदल्या संध्याकाळपासून येत होत्या. घरातल्या सगळ्यांना सकाळी आवणीला जायचंय म्हणून तिनं दात दाबून रात्र काढली आणि उजाडल्यावर सांगितलं. आशाताई त्याच वाडीच्या शेजारी राहते. आशा म्हणजे गावातूनच नेमलेली, बायाबापड्यांना दवाखान्यापर्यंत आणणारी बाई. आमची आशाताई पन्नाशीची, आवाज खणखणीत, कुणालाही तोंडावर बोलणारी. तिनं टेकडीवर जाऊन आधी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. उत्तर आलं की घाटात दरड पडली आहे, गाडी पलीकडेच अडकली. मग तिनं रस्त्यात आडवी उभी राहून वडापची जीप थांबवली. जीप बाजाराला निघालेल्या माणसांनी गच्च भरली होती. तिनं फक्त एवढं सांगितलं, "उतरा. बाळंतीन हाय." सगळे पावसात उतरले. एकानं स्वतःची कोरडी घोंगडी मागच्या बाकावर अंथरून दिली.

जीपचा हॉर्न ओढ्यापासून वाजायला लागला तेव्हाच मी सामान घेऊन फाटकाबाहेर आले. नर्स त्या दिवशी दुसऱ्या वाडीला लसीकरणाला गेली होती. आता आमचं फाटक. त्याला दोन झडपा आहेत, पण उघडते एकच. ठेकेदारानं फाटक बसवल्यावर पुढे सिमेंटचा उतार केला आणि तो इतका उंच केला की दुसरी झडप त्याच्यात रुतून बसली. आम्ही तक्रार केली होती. जीपवाल्यानं उरलेल्या जागेतून जीप आत घातली. बॉनेट आत आलं, पुढची चाकं आत आली, आणि मग गाडी दोन्ही बाजूंनी अडकली. मागची चाकं उतारावरच्या शेवाळावर जागच्या जागी फिरायला लागली.

"उतरवून आणू या," मी म्हटलं.

मागून आशाताईचा आवाज आला, "आता काय उतरवता म्याडम, डोकं दिसाया लागलं."

मी मागच्या दारानं आत चढले. जीपमध्ये ओल्या घोंगडीचा, डिझेलचा आणि कोथिंबिरीचा वास होता, कारण कुणाच्या तरी बाजाराच्या जुड्या तशाच राहिल्या होत्या. मुलीचे पाय एका बाकाला टेकवले, आशाताईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. जीपवाला, तिशीतला दांडगा गडी, मागच्या बाजूला प्लास्टिकचा कागद धरून उभा राहिला, तोंड रस्त्याकडे करून. एकदाही वळून बघितलं नाही त्यानं. मुलगी ओरडली नाही. तिनं माझ्या मनगटाला धरलं होतं, त्या जागी नंतर आठवडाभर काळं-निळं होतं. बाळ आलं. मुलगा. क्षणभर रडला नाही. पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या, तेव्हा असा भडकून रडला की जीपवाल्यानं कागद सोडला आणि आम्ही चौघंही भिजलो.

आईला रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन दिलं, नाळ बांधून कापली, बाळाला आशाताईनं पदरात गुंडाळून छातीशी बांधलं. आईला पुढच्या सीटवरून काढून दोघींनी उचलून आत टेबलावर नेलं. बाळामागून यायची वार आत पडली, पूर्ण पडली, मी दोनदा तपासून घेतली. रक्त जास्त गेलं नाही. तिची आई चिखल तुडवत पोचली तोवर लेकीनं चहा मागितला होता. त्या दिवशी मला जे वाटलं ते कुठल्याही रंगात बसत नाही. मी पायरीवर बसून दोन कप चहा प्यायले आणि उगाच रडले.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर जाऊन ॲप उघडलं. प्रसूतीचं ठिकाण: संस्थेत की घरी. 'जीपमध्ये' असा पर्याय नव्हता. मी 'संस्थेत' दाबलं. माझ्या मते ते खोटं नव्हतं. डॉक्टर मी होते, सामान केंद्राचं होतं, इंजेक्शन केंद्राचं होतं, जीपचं नाक केंद्रात होतं.

पण गरोदर बाईला आणणाऱ्या गाडीला सरकार भाडं देतं आणि आमचा जीपवाला प्रामाणिक माणूस. त्यानं बिलावर लिहिलं: 'डिलिवरी गाडीतच झाली. गाडी धुण्याचा खर्च वेगळा.' नोंदी जुळेनात. कुठंतरी संगणकात लाल दिवा लागला असावा, कारण थोड्याच दिवसांत निरोप आला की प्रत्यक्ष पडताळणी होणार.

पडताळणीला दोघं आले. एक आमच्या तालुक्याचे साहेब, स्वतः डॉक्टर, वयस्कर, सदा थकलेले. दुसरा तोच सल्लागार, या वेळी गमबूट घालून. त्यांनी जीपवाल्याला बोलावून घेतलं होतं. सल्लागार त्याला म्हणाला, "त्या दिवशी गाडी जशी होती, अगदी तशीच लावा."

जीपवाल्यानं विचारलं, "अडकवू का पुन्हा?"

"तशीच हवी."

त्यानं अडकवली. मग पिशवीतून टेप निघाला. सल्लागारानं फाटकाच्या रेषेपासून मागच्या बाकापर्यंत माप घेतलं, वहीत लिहिलं, फोटो काढले. आशाताई हाताची घडी घालून बघत होती.

"प्रसूतीच्या वेळी डोकं कुठल्या बाजूला होतं?" त्यानं तिला विचारलं.

"कुनाचं? आईचं का पोराचं?"

तो गोंधळला. "दोघांचं सांगा."

"आईचं केंद्राकडं. पोराचं रस्त्याकडं. पोरगं हिकडून आलं, आत बघतच न्हवतं ते."

साहेब दुसरीकडे बघायला लागले. मुलीची आईही येऊन उभी होती. सल्लागारानं तिला विचारलं की बाळ पहिल्यांदा रडलं ते नेमकं कुठं. तिनं साहेबांच्या पायाकडे बोट दाखवलं. "हे साहेब हुबे हायेत ना, तितं." खरं म्हणजे ती तेव्हा तिथं नव्हतीच. पण साहेब एक पाऊल बाजूला सरकले.

निकाल द्यायला तालुक्याला बैठक झाली. मलाही बोलावलं होतं. आधी हद्दीचा प्रश्न निघाला. सिमेंटचा उतार केंद्राचा धरायचा का? कुणीतरी कागद काढून सांगितलं की कंपाउंड आरोग्य खात्याचं असलं तरी उतार ग्रामपंचायतीच्या पैशातून झाला आहे. म्हणजे मागची चाकं ग्रामपंचायतीत होती. मी म्हटलं, "सर, वैद्यकीयदृष्ट्या वार पडल्याशिवाय प्रसूती पूर्ण होत नाही. वार आत पडली, टेबलावर."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते शिकलेले होते, त्यांना हे माझ्याइतकंच माहीत होतं. "मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले. सल्लागारालाही मुद्दा पटला. पटला म्हणून त्यानं तो पुढे नेला. "म्हणजे प्रसूती आत पूर्ण झाली, पण जन्म बाहेर झाला. मग आपण आईची नोंद संस्थेत ठेवू आणि बाळाची घरी."

कुणी हसलं नाही. मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. आपापल्या वहीत सगळे लिहून घेत होते: आई आत, बाळ बाहेर.

याचे परिणाम असे झाले. आई संस्थेत असल्यामुळे तिला योजनेची मदत मिळाली. बाळ घरी झाल्यामुळे आमचं केंद्र हिरव्यावरून पिवळ्यावर आलं. आशाताईला दवाखान्यातल्या बाळंतपणामागं जे मानधन मिळतं ते अडकलं, कारण ते बाळाच्या नोंदीला जोडलेलं होतं. मला खुलासा मागणारं पत्र आलं. मी खुलाशात दरड, अ‍ॅम्ब्युलन्स, फाटक, सगळं लिहिलं. त्यावर तातडीनं कारवाई झाली, म्हणजे फाटक रुंद करायला मंजुरी मिळाली. दरडीचा विषय दुसऱ्या खात्याचा होता.

पुढच्या आढावा बैठकीत शेजारच्या उपकेंद्राचा सत्कार झाला. शाल, नारळ, टाळ्या. सलग हिरवं राहिलेलं केंद्र म्हणून. साहेबांनी आम्हा बाकीच्यांना सांगितलं की त्यांच्याकडून शिका. तिथली डॉक्टर माझ्याच वयाची, माझ्याच कॉलेजच्या पुढच्या वर्गातली. चहाच्या वेळी मी तिला गाठून विचारलं, "तुझ्याकडे रस्ता माझ्यापेक्षा वाईट. एकही बाळंतपण घरी कसं होत नाही?"

तिनं शाल नीट घडी करून पिशवीत ठेवली. "घरी काय, माझ्याकडे बाळंतपणंच होत नाहीत," ती म्हणाली. "सातवा लागला की मी सगळ्यांना सांगते, पोरींनो, माहेरी जा, आराम मिळेल. हद्द सुटली की नोंद तिकडच्यांची. तुझ्याकडे ती जीपवाली आली होती ना? माझीच ती. तिला तर पहिलटकरीण म्हणून मी सातवा लागायच्या आधीच पाठवत होते. तिचीच जायची इच्छा नव्हती. नवऱ्याला समजावावं लागलं."

ती मुलगी नवव्या महिन्यात घाट उतरून आली होती, खडखडत्या गाडीतून. मी म्हटलं, "घाटात काही झालं असतं तर?"

"घाट कुणाच्याच हद्दीत नाही," ती म्हणाली, आणि लगेच ओशाळली. "हे बघ, मला लहान मूल आहे, नवऱ्याची नोकरी सुटलीय. त्या जादा पैशांवर घर चालतं. तुला चालतं तसं मला नाही चालत." तिच्यावर रागवायची माझी पुरती तयारी झाली होती. ती तयारी तशीच परत घेऊन आले.

आशाताई मात्र राग परत आणणाऱ्यातली नव्हती. बाळ महिन्याचं होत आलं तेव्हा एके सकाळी ती केंद्रावर आली, सोबत बाळंतीण, तिची आई आणि बाळ. म्हणाली, "म्याडम, आमी तालुक्याला चाललोय. तुमी येता का कसं?" कशाला ते विचारायची मला भीती वाटली, म्हणून मी न विचारता एसटीत चढले.

साहेबांच्या कचेरीत गर्दी होती. आशाताई सरळ आत गेली, बाळाला फायलींच्या मधल्या मोकळ्या जागेत, टेबलावर, अलगद ठेवलं आणि बोलायला लागली. आवाज चढवला नाही, पण तिचा साधा आवाजही बाहेरच्या पोर्चपर्यंत जातो.

"साहेब, हे घरी जल्मलं असं तुमी लिवलंय. व्हय ना? मग कुनाच्या घरी, तेवडं सांगा. त्या रस्त्याव माजं घर न्हाई. हिच्या बापाचं न्हाई. तुमचं असंल तर पोरगं ठिवून जाते."

साहेब म्हणाले, "आशाताई, तसं नसतं ते. ती एक पद्धत असते."

"पद्धतीला मी कुटं काय म्हनते? माज्या पायाला चिखल लागला त्येची नोंद कुटं हाय तेवडं दावा."

तेवढ्यात बाळ रडायला लागलं. साहेबांचा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी बाळाला उचललं, एका हातानं मान सावरली, आणि रडतानाच्या उघड्या तोंडात बघितलं. चष्मा वर सरकवून पुन्हा बघितलं. "तोंडात पांढरं आलंय. बुरशी आहे ही. दूध ओढताना कुरकुरतो का गं?" बाळंतिणीनं मान हलवली. साहेबांनी बेंबी बघितली, पोट चाचपलं, डोळ्यांच्या पापण्या खाली करून बघितल्या, औषधाचे थेंब लिहून दिले, ते कसे लावायचे ते बोट दाखवून समजावलं आणि आईनंही छातीला तेच औषध लावायचं हे दोनदा सांगितलं. तेवढा वेळ ते अजिबात थकलेले दिसत नव्हते. बाहेरची माणसं खोळंबली होती, त्यांना घाई नव्हती. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण रोगी तपासताना पहिल्यांदाच बघत होते.

मला राहवलं नाही. "सर, हा रोगी कुणाच्या आकड्यात धरायचा?"

ते हसले, पण ते हसणं बरं वाटावं असं नव्हतं. "कुणाच्याच नाही, डॉक्टर. माझ्याकडे रोगी तपासायचं खातंच नाही आता." त्यांनी लिपिकाला बोलावलं आणि आशाताईचे पैसे कशातून देता येतील ते शोधायला सांगितलं. लिपिकानं बराच वेळ शोधलं. बाळंतपणाच्या खात्यातून देता येत नव्हते. आरोग्य जागृतीचं खातं संपलं होतं. योगसत्रांच्या खात्यात शिल्लक होती.

"योगसत्रं घेतली असं दाखवतो," साहेब म्हणाले.

आशाताईला ते पटेना. "मला योगा येत न्हाई."

"सही तर येते ना? करा."

तिनं सही केली, आणि बाहेर येऊन एसटी स्टँडवर भज्यांची प्लेट सगळ्यांना दिली. पैसे अजून हातात आलेले नव्हते, ते यायला दिवाळी उजाडली. परतीच्या गाडीत बाळंतिणीनं मला विचारलं की सासरी परत गेल्यावर बाळाच्या लशी कुठं द्यायच्या. नियमानं शेजारच्या केंद्रात. ती म्हणाली, "मी तुमच्याकडंच येईन."

दीड महिन्याची लस द्यायला ती खरंच घाट उतरून आली, नवऱ्याला घेऊन. दरड तोवर अर्धी काढली होती. बाळ गुबगुबीत झालं होतं, तोंड स्वच्छ होतं. मी लस दिली, त्यानं केंद्र डोक्यावर घेतलं. संध्याकाळी टेकडीवर गेले तर मोबाईलवर शेजारच्या डॉक्टरचे लागोपाठ फोन येऊन पडलेले. मी उलट फोन केला.

"अगं, माझ्या हद्दीतलं बाळ तू कसं टोचलंस? माझ्याकडे ते आता लस न मिळालेलं दिसतंय. मी पिवळ्यात जाईन."

"लस मिळालीय त्याला," मी म्हटलं. "आकडा तू घे. मला नको."

पलीकडे वारा ऐकू येत होता. बहुतेक तीही कुठल्या तरी टेकडीवर उभी असावी. तिनं विचारलं, "तसं लेखी देशील?"

"देते," मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी दिलं.